उरलेले तुकडे

(सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या आरंभीं धर्मग्रामाच्या सभेंत झालेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं पूर्वजांचें स्मरण करावें, ज्यांनीं हें मंदिर उभारलें त्यांचे गुण गावे आणि पुढील पन्नास वर्षांसाठीं परमेश्वराचा आशीर्वाद मागावा, अशी रीत आहे. ती रीत पाळणारे वक्ते आजच्या सभेंत पुष्कळ आहेत, व त्यांचीं भाषणें आमच्याहून सरस होतील यांत शंका नाहीं. आमच्या वांट्यास मात्र कचऱ्याचा विषय आला आहे. अशा मंगल दिवशीं असा विषय कां, असें कोणाच्या मनांत आलें तर त्यास दोष देतां येणार नाहीं. आमच्याहि मनांत प्रथम तेंच आलें. परंतु या धर्मग्रामांत गेल्या कांहीं वर्षांत जें काम आम्हीं स्वतःच्या हातांनीं केलें, व म्हणून ज्याविषयीं आम्हांस ऐकीव नव्हे तर पाहिलेलें सांगतां येईल, तें हेंच आहे. त्याचा आरंभहि आपल्याच एका सणांतून झाला.

कांहीं वर्षांपूर्वीं मंदिराच्या सणाचें जेवण याच आवारांत झालें, तें पुष्कळांस स्मरत असेल. पदार्थ उत्तम झाले होते. वाढप झालें, गाणीं झालीं, आणि संध्याकाळीं थर्माकोलचीं ताटें, प्लास्टिकचे पेले, उरलेला भात, रस्सा व हाडें हें सर्व एकत्र करून मोठमोठ्या काळ्या पिशव्यांत बांधून फाटकापाशीं ठेवण्यांत आलें. त्यांतील एका पिशवींत सरबताची फुटलेली बाटली होती. ती कोणीं टाकली हें आम्हीं कधीं शोधलें नाहीं, कारण ती आमच्यापैकींच कोणीं तरी टाकली असणार. दुसऱ्या दिवशीं सकाळीं घंटागाडीवर काम करणाऱ्या बाईनें पिशवी उचलून दाबली आणि कांच तिच्या तळहातांत शिरली. चार टांके पडले. आठवड्यानें ती हात बांधलेल्या स्थितींत पुन्हां आली, तेव्हां फाटकापाशीं उभ्या असलेल्या आम्हां दोघां-तिघांस पाहून ती एवढेंच म्हणाली, "जेवण चांगलं झालं असेल. बाटली तेवढी बाजूला ठेवायची होती."

ती बाई किती तरी वर्षें आपल्या दारावरून जात होती. तिचें नांव आम्हांपैकीं एकासहि ठाऊक नव्हतें.

पांच भाकरी व दोन मासे यांच्या चमत्कारावर आम्हीं लहानपणापासून प्रवचनें ऐकलीं आहेत. पांच हजार पुरुष जेवले, बायकामुलें वेगळीं, आणि सर्वांचीं पोटें भरलीं, येथवर प्रवचनकार उत्साहानें येतो. पुढें उरलेल्या तुकड्यांपाशीं त्याचा उत्साह मंदावतो. आम्ही मात्र त्या सकाळनंतर पुढच्याच भागापाशीं थांबलों. ज्यानें नुकतेंच एवढ्या जनसमुदायास जेवूं घातलें, त्यास चार तुकड्यांची काय वाण होती? तरीहि कांहीं वायां जाऊं नये म्हणून ते वेंचण्याची त्यानें आज्ञा केली, असें योहानाच्या शुभवर्तमानांत आहे. आणि ते वेंचले कोणीं? शिष्यांनीं. ज्यांनीं पंक्तींत वाढलें, त्यांनींच वांकून बारा टोपल्या भरल्या. मागाहून कोणी हलक्या जातीचा मनुष्य येऊन हें उचलील, असें त्यांनीं गृहीत धरलें नाहीं. आपल्या देशांत उष्टें काढणें हें काम कोणाच्या माथीं शतकानुशतकें मारलें गेलें, हें येथें उघड करून सांगण्याची गरज नाहीं. धर्म बदलला तरी ती संवय आपल्या हाडांत राहिली होती.

पवित्र ख्रिस्तसभेच्या उपासनेंत या बाबतींत एक फार जुनी शिस्त आहे, तिजकडे आम्हीं कधीं या दृष्टीनें पाहिलें नव्हतें. झावळ्यांच्या रविवारीं आपण ज्या आशीर्वादित झावळ्या घरीं नेतों, त्या वर्षभर क्रूसामागें लावून ठेवतों. पुढील वर्षीं त्याच परत आणून जाळतात, व राखेच्या बुधवारीं तीच राख आपल्या कपाळीं लागते. जें पवित्र केलें तें उकिरड्यावर जात नाहीं, त्याचा दुसरा उपयोग ठरलेला असतो. वेदीवरील फुलांविषयीं मात्र आपण असा विचार केला नव्हता. सोमवारीं तीं प्लास्टिकच्या वेष्टनासकट घंटागाडींत जात.

सुवर्णमहोत्सवाचा तर या विषयाशीं उघड संबंध आहे. पन्नासावें वर्ष पवित्र मानण्याची कल्पना लेवीयाच्या पुस्तकांतील आहे, आणि तेथें त्या वर्षीं इस्राएल लोकांनीं पेरणी करूं नये, जमिनीस विसांवा द्यावा, असें सांगितलें आहे. म्हणजे महोत्सव हा मूळचा माणसाइतकाच मातीचाहि सण. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ सालीं 'लाउदातो सी' या नांवाचें परिपत्र लिहून पृथ्वीला आपलें सामाईक घर म्हटलें, व त्याच वर्षीं १ सप्टेंबर हा दिवस सृष्टीच्या रक्षणासाठीं प्रार्थनेचा म्हणून ठरविला. त्या परिपत्रावर आपल्या येथें एक व्याख्यान झालें होतें. व्याख्यानानंतर चहा प्लास्टिकच्या पेल्यांतून देण्यांत आला, हेंहि खरेपणानें नमूद केलें पाहिजे.

आतां आपण जेथें राहतों त्या जागेविषयीं. आपण माथ्यावर राहतों. कुरवंड्याच्या डोंगरांत उगम पावलेली इंद्रायणी लोणावळ्यांतून निघून मावळच्या भातखाचरांमधून कामशेताकडे जाते, पुढें देहूस व आळंदीस पोंचते, आणि तुळापुरास भीमेला मिळते. भीमा कृष्णेला, व कृष्णा पूर्वसमुद्राला. दुसऱ्या अंगास वळवण, लोणावळा व शिरवटा या तलावांचें पाणी टाटांनीं घाटाखालीं नेऊन १९१५ सालीं खोपोलीस वीज उत्पन्न केली. तें पाणी वीजघरांतून सुटून पाताळगंगेस मिळतें व पश्चिमसमुद्राकडे जातें. असा गांव फार थोडा असेल कीं, ज्याचें पाणी दोन्ही समुद्रांस जातें. आणि आपल्या नाल्यांत पडलेली पिशवीहि त्याच वाटांनीं जाते.

मावळांतील शेतकऱ्यास याचा अनुभव आहे. वडगांवच्या भातसंशोधन केंद्रानें १९८७ सालीं जो 'इंद्रायणी' तांदूळ दिला, त्याचा सुवास आज मुंबईपर्यंत गेला. पण ज्या नदीचें नांव त्यास दिलें तिच्या कांठच्या खाचरांत लावणीच्या वेळीं चिखलांतून वेष्टनें व पिशव्या हाताला लागतात. बांधावर चरणारी गाय उष्ट्या अन्नाच्या वासानें गांठ मारलेली पिशवी तशीच गिळते. ती तिला ना पचते ना बाहेर पडते. पोटांत गोळा होत होत शेवटीं चारा जाण्यासहि जागा राहत नाहीं, आणि पोट भरलेलें असतां जनावर उपाशी मरतें. आळंदीस गेल्या कांहीं वर्षांत नदीवर पांढरा फेस तरंगतो, तो आपण वृत्तपत्रांत पाहतों. त्या फेसाचा मोठा दोष खालच्या अंगाच्या कारखान्यांचा व शहरांच्या सांडपाण्याचा आहे, हें खरें. तेवढ्यानें आमचा हिशेब चुकता होत नाहीं. वारकरी तें पाणी तीर्थ म्हणून तोंडाला लावतो. आपला शेजारी कोण, हा जुना प्रश्न येथें फार सोपा आहे: जो खालच्या अंगास ओंजळ भरतो तो.

नगरकडील कोरडवाहू गांवांत येशूसंघाचे फादर हर्मन बाखर यांनीं जें कार्य केलें त्याचें स्मरण येथें करणें योग्य होईल. स्वित्झर्लंडमध्यें जन्मलेल्या या धर्मगुरूनें आपलें बहुतेक आयुष्य आपल्या शेतकऱ्यांत घालविलें. पाणलोट क्षेत्राच्या विकासाचें त्यांचें काम इतकें वाढलें कीं, १९९३ सालीं त्यांच्या व क्रिस्पिनो लोबो यांच्या पुढाकारानें त्यासाठीं एक स्वतंत्र संस्था स्थापन झाली. गांवानें श्रमदान करावें, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी स्वतः ठरवून पाळावी, अशा अटींवर तें काम चाले. त्याचा पहिला नियम 'माथा ते पायथा' हा होता. चर खणावयाचे ते डोंगराच्या माथ्यापासून, कारण वरून सुटलेलें पाणी खालीं कितीहि बांध घातले तरी ते फोडून जातें. हा नियम पाण्यास जसा लागू आहे तसाच कचऱ्यासहि लागू आहे, असें आम्हांस वाटतें. देहूच्या घाटावर जाळी लावून जें अडणार नाहीं तें लोणावळ्याच्या स्वयंपाकघरांत अडतें.

येथें कोणी म्हणेल कीं, कचरा करतात ते पाहुणे. हें आम्हीं इतक्यांदा ऐकलें आहे, व स्वतः म्हटलेंहि आहे, कीं त्याचें उत्तर देणें प्राप्त आहे. पावसाळ्यांतील रविवारीं भुशी धरणाकडे किंवा लोहगडाच्या पायऱ्यांवर जो जनसंमर्द लोटतो, तो जातांना मागें काय ठेवून जातो, तें आपण सर्व पाहतों: कणसांचीं बुरकुंडें, बाटल्या, चकचकीत वेष्टनें. २००२ सालीं द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यापासून ही गर्दी वाढतच गेली. बुरकुंड कालांतरानें मातीस मिळेल. वेष्टन आपल्या नातवंडांनाहि तेथेंच सांपडेल. परंतु आपल्यांतील कित्येकांच्या चुली याच पाहुण्यांच्या येण्यानें पेटतात. कोणी चिक्की विकतो, कोणी बंगल्यांची राखण करतो, कोणी मोटार चालवितो. पाहुण्यास शिव्या देऊन त्याच्याच पैशानें बाजार करणें हें कांहीं शोभत नाहीं. आणि आमच्या फाटकापाशीं ठेवलेल्या त्या काळ्या पिशव्या कोणा पाहुण्यानें आणलेल्या नव्हत्या. २०२१ च्या स्वच्छता सर्वेक्षणांत एक लाखाहून कमी वस्तीच्या शहरांत विट्याच्या खालोखाल लोणावळ्यास देशांत दुसरा क्रमांक मिळाला, याचा आम्हांस अभिमान वाटतो. तो क्रमांक ज्यांच्या हातांनीं मिळविला, त्यांपैकीं एका हातास चार टांके पडले होते.

मग आम्हीं काय केलें? प्रथम चूक केली. मंदिरामागें मोठा खड्डा खणून त्यांत फुलें, पालापाचोळा व घरोघरचा ओला कचरा टाकावयाचा, वर्षाच्या शेवटीं खत काढावयाचें, असा बेत ठरला. पुस्तकांत वाचल्याप्रमाणें खड्डा तीन फूट खोल झाला. पुस्तक लिहिणाराने लोणावळ्याचा पाऊस पाहिलेला नसावा. येथें वर्षाकाठीं चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. जूनच्या शेवटीं त्या खड्ड्याचें डबकें झालें, व जुलैंत मिस्सेच्या वेळीं खिडक्या बंद कराव्या लागल्या. अन्नास हवा मिळाली तर तें कुजून मातीसारखें होतें. हवा न मिळतां पाण्यांत राहिलें तर सडतें. ही साधी गोष्ट आमच्यांतील शिकलेल्यांच्या ध्यानांत आली नाहीं. ती सांगितली सदापूरकडून भाजी घेऊन येणाऱ्या एका म्हाताऱ्या शेतकरणीनें. "खड्डा नाही, ढीग करायचा," ती म्हणाली, "आणि वर छप्पर."

त्याप्रमाणें पुढील वर्षीं जमिनीच्या वर विटांचे दोन हौद बांधले. विटांमध्यें हवेसाठीं फटी ठेवल्या, तळाशीं खडी घातली, व वर पत्रा टाकला. एक हौद भरत असतां दुसऱ्यांतील माल पिकत राहतो. कोरडा पाचोळा मात्र मे महिन्यांतच पोत्यांत भरून ठेवावा लागतो, कारण पावसाळ्यांत कोरडें असें येथें कांहीं उरत नाहीं. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक बादलीवर दोन बादल्या पाचोळा पसरला कीं वास येत नाहीं. मार्गदर्शन शिकण्याच्या वर्गांतील मुलांनीं हें काम वांटून घेतलें आहे, आणि त्यांचे वडील लोक नाक दाबून दुरून जातात, तेव्हां मुलें हंसतात. त्या खतावर वाढलेलीं झेंडूचीं फुलें गेल्या वर्षीं वेदीवर चढलीं.

स्मशानभूमीचें काम अधिक नाजूक होतें. मृतांच्या दिवशीं, २ नोव्हेंबरास, आपण आपल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतों व हार ठेवतों. अलीकडे त्या हारांत प्लास्टिकचीं फुलें आलीं होतीं, व खरींहि फुलें चकाकत्या कागदांत गुंडाळलेलीं असत. दुःखी माणसास अशा दिवशीं काय सांगावें? कित्येकांनीं आम्हांस बोलून दाखविलें कीं, प्लास्टिकचें फूल वर्षभर टिकतें, आईच्या थडग्यावर कांहीं तरी राहतें. या बोलण्यास आमच्याजवळ उत्तर नव्हतें, आजहि नाहीं. आम्हीं मनाई केली नाहीं. महिला मंडळानें फाटकापाशीं टोपल्या भरून शेवंती व झेंडू ठेवला, ज्यास हवें त्यानें घ्यावें. आणि आठवड्यानें मुलांनीं जाऊन वितळलेलें मेण खरवडून आणलें. त्या मेणाच्या पुन्हां मेणबत्त्या झाल्या. प्लास्टिकचीं फुलें कमी झालीं आहेत, नाहींशीं झालेलीं नाहींत.

सुका कचरा आतां कागद, प्लास्टिक, कांच व पत्रा असा वेगळा ठेवला जातो. यांत आम्हीं कांहीं नवें शोधलें असें कोणीं समजूं नये. पुण्यास कचरा वेंचणाऱ्या बायांनीं १९९३ सालीं बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखालीं 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन केली. त्यांच्या संघटनेच्या नांवांतच हें वर्गीकरण आहे. ज्या ज्ञानास आपण आज शास्त्र म्हणतों तें त्या निरक्षर बायांच्या बोटांत कितीतरी आधींपासून होतें. कांच आम्ही आतां जाड पुठ्ठ्याच्या खोक्यांत ठेवतों व त्यावर खडूनें मोठ्या अक्षरांत 'कांच' असें लिहितों. फाटकापाशींच्या बाईनें अक्षरें ओळखतां येत नाहींत असें सांगितल्यावर खोक्यावर लाल पट्टा ओढला.

जें अद्याप जमलें नाहीं तेंहि सांगतों. महाराष्ट्रांत २०१८ सालापासून व साऱ्या देशांत १ जुलै २०२२ पासून एकदां वापरून फेंकावयाच्या प्लास्टिकच्या कित्येक वस्तूंवर बंदी आहे, तरी नाताळच्या गव्हाणीसाठीं आपल्यांतील पुष्कळ घरीं थर्माकोल येतोच, आणि तो कोठून येतो हें विचारतां सर्व गप्प बसतात. लग्नांचीं जेवणें आपल्या हातीं नाहींत. तेथें वधूपित्यास ताटें धुण्याचा आग्रह करणें म्हणजे त्याच्या कर्जांत भर घालणें होय, असें एका गृहस्थानें आम्हांस सुनावलें, व त्याच्या म्हणण्यांत तथ्य होतें. म्हणून महिला मंडळानें दोनशें स्टीलचीं ताटें घेतलीं आहेत. तीं धर्मग्रामांतील कोणत्याहि लग्नास, बारशास किंवा मृताच्या जेवणास विनामूल्य मिळतील. धुण्याचें काम ज्याचें त्यानें पाहावें.

महोत्सवाच्या जेवणाविषयीं सभेनें जें ठरविलें तें सांगून आम्ही बसतों. रस्त्यावर फ्लेक्सचा फलक लागणार नाहीं. युवक मंडळ कापडावर रंगवीत आहे, व अक्षरें थोडीं वांकडीं आलीं तरी कोणीं नांवें ठेवूं नयेत. आपलीं दोनशें ताटें पुरणार नाहींत म्हणून बाकीचीं भांडीवाल्याकडून भाड्यानें येतील. पाणी पिंपांतून व पेल्यांतून दिलें जाईल. बाटल्या मागूं नयेत. जेवण साडेबारा ऐवजीं दीड वाजतां सुरू होईल. याचें कारण पुष्कळांनीं विचारलें. घंटागाडीवरील त्या बाईस व तिच्या सोबतच्या चौघांस आम्हीं पंक्तीस बोलाविलें आहे, आणि फेरी संपवून, हातपाय धुऊन येण्यास त्यांस दीड वाजतो. तीं पहिल्या पंक्तीस बसतील. आतां तिचें नांव आम्हांस ठाऊक आहे, पण तें येथें छापूं नये अशी तिचीच इच्छा आहे.

ताटें धुण्यासाठीं विहिरीजवळ तीन घंगाळें मांडलीं जातील: पहिल्यांत उष्टें झटकावयाचें, दुसऱ्यांत घासावयाचें, तिसऱ्यांत खळबळावयाचें. पहिली पाळी पुरुषांची आहे. गेल्या सणास मोजणी केली तेव्हां अकरा चमचे कमी भरले. ते चुकून ज्यांच्या घरीं गेले असतील त्यांनीं वेदीमागच्या खोलींत आणून ठेवावे. कोणी कांहीं विचारणार नाहीं.